बघू

एकाच ताग्यातून एकाला सदरा आणि दुसऱ्याला पायजमा शिवता येतो, हे कापडदुकानदाराच्या घरात वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. तरीही एकाच चित्रीकरणातून एक रडका आणि एक हसरा असे दोन सिनेमे निघालेले पाहिले, तेव्हा मी चकित झालो. चित्रीकरण जानेवारी १९६९ मधले, लंडनचे. इंग्लंडातल्या लिव्हरपूल शहरातले चार तरुण, जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार, म्हणजेच जगाला वेड लावणारे बीटल्स, नवी गाणी बसवत आहेत आणि कॅमेरे त्यांच्याभोवती फिरत आहेत. जवळजवळ ६० तासांचे चित्रण आणि १५० तासांचे ध्वनिमुद्रण. त्यातून मायकेल लिंडसे-हॉग यांनी मे १९७० मध्ये ८० मिनिटांचा ‘लेट इट बी’ काढला. त्याच सामग्रीतून पीटर जॅक्सन यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये जवळजवळ आठ तासांचा ‘गेट बॅक’ तीन भागांत आणला.

पहिला सिनेमा लागला तेव्हा बीटल्स फुटल्याची बातमी येऊन जेमतेम महिना झाला होता. लोक तो पाहायला गेले ते तेराव्याला जावे तसे. लंडनच्या पहिल्या खेळाला चौघांपैकी एकही हजर राहिला नाही. त्यानंतर पन्नास वर्षे सगळे जग हेच धरून चालले, की त्या जानेवारीत ही माणसे एकमेकांचे तोंडही पाहायला राजी नव्हती. आणि आता आठ तासांच्या चित्रपटात पाहावे तर ती हसताहेत, एकमेकांच्या नकला करताहेत, चहा-टोस्ट खाताहेत, मध्येच भांडताहेत आणि पुन्हा वाजवायला बसताहेत. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, तशी ही चूल विलायती, इतकेच.

आमच्या वसतिगृहात १९८९ च्या सुमारास म्हापशाचा एक मुलगा माझ्या खोलीत होता. त्याच्याकडे एक गिटार आणि घासून घासून खरखरणाऱ्या सात-आठ कॅसेटी होत्या. मी नाट्यसंगीतावर वाढलेला. पण रात्री दिवे गेल्यावर तो बॅटरीवरचा टेपरेकॉर्डर लावायचा आणि माझाही नाइलाजाने कान तयार झाला. बीटल्स का फुटले, हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले होते. “त्या जपानी बाईने फोडले!” जॉनची दुसरी बायको योको ओनो. विषय संपला. मीही मान डोलावली. गेल्या काही वर्षांतल्या एका दिवाळीच्या सुट्टीत मुलीने तिच्या लॅपटॉपवर हा आठ तासांचा चित्रपट लावला आणि आम्ही बापलेकीने तो तीन रात्रींत पुरा केला. तेव्हा पहिल्या रात्रीच लक्षात आले, की प्रकरण एवढे सोपे नाही.

जागा म्हणजे ट्विकनहॅम येथील सिनेमाचा स्टुडिओ. गोदामासारखा उंच, थंडगार. २ जानेवारीला काम सुरू झाले. दोन-तीन आठवड्यांत डझनभर नवी गाणी बसवायची आणि ती लोकांसमोर सादर करायची, असा बेत. कुठे सादर करायची यावर मात्र रोज नवा वाद. कुणी म्हणे लिबियातल्या रोमन काळच्या खुल्या नाट्यगृहात, कुणी म्हणे जहाजावर. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सभेची आठवण यावी असा प्रकार.

आणि त्या सभेत मुख्याध्यापक कोण, तर पॉल. वेळेवर येणारा तो, “चला, आता कामाला लागू” म्हणणारा तो, आणि सगळ्यांच्या कपाळावर आठ्या उमटतात त्या त्याच्याकडेच पाहून. मला त्याच्याविषयी सहानुभूती वाटली, हे माझ्या नोकरीमुळे असेल. बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन २७ ऑगस्ट १९६७ रोजी अचानक वारले. कराराचे कागद, दौरे, पैसे, रुसवेफुगवे, सगळे तेच सांभाळत. घरातला कर्ता माणूस गेला आणि त्याचे ओझे कुणी न सांगता पॉलने उचलले. गेली दोन वर्षे आपणच साहेब होऊन बसलो आहोत आणि त्याची आपल्यालाच भीती वाटते, असे तो कॅमेऱ्यासमोर बोलूनही दाखवतो. ७ जानेवारीच्या सकाळी जॉनचा पत्ता नाही, जॉर्ज जांभया देतो आहे आणि पॉल बास गिटारवर हात आपटत आपटत शून्यातून ‘गेट बॅक’ची चाल उभी करतो. ते दृश्य पाहताना मुलगी म्हणाली, “बाबा, हे खरंच घडतंय?” मलाही तसेच वाटले होते.

परंतु माझी नजर पुन्हा पुन्हा जाऊ लागली ती जॉर्जकडे.

जॉर्ज आणि पॉल एका शाळेचे विद्यार्थी, एकाच बसने जाणारे. जॉर्ज एक इयत्ता मागे. पॉलनेच १९५८ मध्ये त्याला जॉनपुढे नेऊन उभे केले, तेव्हा तो पंधरा वर्षांचाही पुरता झालेला नव्हता. हे लहान पोर कशाला, असे जॉनला वाटले. पण पोराने गिटार अशी वाजवली, की त्याला ठेवून घेणे भाग पडले. शाळेत एक इयत्ता पुढे असलेला मुलगा आयुष्यभर एक इयत्ता पुढेच राहतो, हे माझे तीस वर्षांचे निरीक्षण आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात साठीचे गृहस्थ एकोणसाठीच्या गृहस्थाला “अरे, तू बस” म्हणताना मी पाहिले आहेत.

बीटल्समध्ये गाणी रचण्याचे काम जॉन आणि पॉल यांचे. कुणीही रचले तरी नाव दोघांचे, असा त्यांचा पोरवयातला शब्द. जॉर्जही रचू लागला, तेव्हा त्याच्या वाट्याला दर तबकडीत एक-दोन गाणी आली. १९६८ च्या ३० गाण्यांच्या जोड-तबकडीत, जिला लोक व्हाइट अल्बम म्हणतात, त्याची गाणी चार. त्याची वही तर भरत चाललेली. ट्विकनहॅमला तो ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे गाणे आणतो. एकदा वाजवतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवतात, आणखी एकदा वाजवतात. कुणी त्याला वाईट म्हणत नाही. कुणी ‘नको’ म्हणत नाही. फक्त मध्येच दुसरे काहीतरी निघते आणि ते गाणे राहून जाते.

आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे : ‘बघू’. ‘हो’ही नाही आणि ‘नाही’ही नाही. ‘नाही’ म्हटले तर माणूस चार दिवस रुसतो आणि आपला मार्ग धरतो. ‘बघू’ म्हटले की तो थांबतो. वर्षानुवर्षे थांबतो.

शिवाय बाहेर जॉर्जला वेगळा अनुभव येत होता. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत बसून ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करत होता. आशिष खाँ, शिवकुमार शर्मा यांच्यासारखे वादक समोर आणि सांगणारा हा चोवीस वर्षांचा पोरगा. तिथेच त्याने ‘द इनर लाइट’ या गाण्याचा वाद्यमेळही करून घेतला. बीटल्सच्या एका गाण्याच्या छोट्या तबकडीवर जॉर्जची रचना पहिल्यांदा आली ती हीच, म्हणजे मुंबईच्या वादकांच्या साथीने. आणि तीही तबकडीच्या मागच्या बाजूला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो अमेरिकेत बॉब डिलनकडे राहून आला. तिथे बरोबरीच्या नात्याने वागणूक मिळाली. आणि महिनाभरात ट्विकनहॅम. माहेरी लाड करून घेऊन सासरी परत यावे, तसेच हे.

६ जानेवारीला पॉल त्याला कसे वाजवावे ते समजावू लागतो. जॉर्ज शांतपणे सांगतो, की तू म्हणशील ते वाजवीन, नको म्हणशील तर मुळीच वाजवणार नाही. हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत अगदी याच आवाजात ऐकलेले आहे. ज्याने ऐकले आहे त्याला कळते, की आता राजीनामा फार लांब नाही. तसेच झाले. १० जानेवारीला जेवणाच्या सुट्टीच्या वेळी जॉर्ज उठला, आता कुठे तरी भेटूच अशा अर्थाचे काहीतरी बोलला आणि निघून गेला. त्या दिवशीच्या त्याच्या रोजनिशीत बीटल्स सोडल्याची नोंद आहे ती उठणे, तालीम आणि घरी जाणे यांच्या रांगेत, जणू बाजारातून भाजी आणली अशी. सोमवार-मंगळवारपर्यंत आला नाही तर एरिक क्लॅप्टनला बोलवू, असे जॉन लगेच म्हणाला. क्लॅप्टन हा जॉर्जचाच जिवलग मित्र!

याच्या आधी रिंगोही एकदा सोडून गेलेला होता, ऑगस्ट १९६८ मध्ये. ती हकिगत त्याने स्वतःच पुढे सांगितली. तो जॉनकडे जाऊन म्हणाला, माझे वाजवणे बरे होत नाही आणि तुमचे तिघांचे इतके जमते, मीच परका पडलो आहे. जॉन म्हणाला, मला तर वाटत होते तुम्हा तिघांचे जमते! मग तो पॉलकडे गेला. पॉलनेही हेच सांगितले. चौघांच्या घरात चौघेही पाहुणे. रिंगो पंधरा दिवस सार्डिनियाच्या समुद्रावर राहिला आणि परतला तेव्हा त्याचा ड्रम फुलांनी सजवलेला होता. जॉर्जसाठी मात्र फुले आली नाहीत. कदाचित त्याला फुले नकोच होती. त्याला वही उघडून हवी होती.

उपाहारगृहात फुलदाणीत मायक्रोफोन लपवून केलेले एक ध्वनिमुद्रण या चित्रपटात आहे. १३ जानेवारी. जॉन आणि पॉल दोघेच बोलत आहेत आणि जॉन म्हणतो, की जॉर्जची ही जखम आपणच चिघळू दिली, तिला पट्टीसुद्धा बांधली नाही. चोरून ऐकलेले असल्याने अर्थातच हे खरे बोलणे. दोघांना सारे ठाऊक होते.

आता त्या जपानी बाईकडे येतो. योको त्या स्टुडिओत जॉनला खेटून बसलेली असते, हे खरे. वर्तमानपत्र चाळते, आलेली पत्रे वाचते. जॉर्ज गेल्यावर त्याच्या जागेवर बसून तिने मायक्रोफोनपुढे आरोळ्या ठोकल्या, हेही खरे, आणि ते ऐकणे कठीण आहे. परंतु कुणाचे गाणे घ्यावे, कुणाचे टाकावे, यात तिने तोंड घातलेले मला आठ तासांत दिसले नाही. पॉल तर त्याच १३ जानेवारीला हसत म्हणतो, की पन्नास वर्षांनी लोक म्हणतील, योको ध्वनिवर्धकाच्या पेटीवर बसली म्हणून बीटल्स फुटले. किती अचूक भविष्य! परदेशी, वेगळ्या वर्णाची, वेगळ्या भाषेची बाई. तिला त्या काळी लंडनमध्ये काय काय ऐकून घ्यावे लागले, ते छापण्यासारखे नाही.

इथे मला आमच्या मधल्या वहिनींविषयी लिहिलेच पाहिजे. त्या गोकाककडच्या, कानडी घरातल्या. आमचे वडील गेल्यावर कापडाचे दुकान दादा आणि अण्णा या माझ्या दोघा थोरल्या भावांकडे आले. अण्णाला दुकानाच्या एका कोपऱ्यात तयार कपडे ठेवून पाहायचे होते. दादा म्हणाला, “बघू.” सणाला विचारले, बघू. लग्नसराईत विचारले, बघू. सहा वर्षे गेली. मग १९९५ मध्ये दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली आणि सगळ्या गल्लीने एका सुरात निकाल दिला : “कानडी बाईने मराठी घर फोडले.” आमच्या घरी देण्याघेण्याचे बोलणे मराठीत, बाजारातले कानडीत, आजीच्या ओव्यांत तर दोन्ही भाषा, पण दोष द्यायची वेळ आली तेव्हा नेमकी भाषा आठवली. वहिनी मला एकदाच म्हणाल्या, “भाऊजी, मी त्या हिशेबाच्या वहीला हातसुद्धा लावला नाही की हो.” मी त्या वह्या नंतर पाहिल्या आहेत. वडील गेल्यापासून त्यांत दोन वेगवेगळ्या अक्षरांत दोन वेगवेगळे हिशेब आहेत, आणि पहिली तीन वर्षे वहिनी या घरात आलेल्याच नव्हत्या. हे मी घरात सांगितले आहे, गल्लीत सांगितले आहे, आणि आता छापील सांगतो आहे.

बीटल्सचेही खरे भांडण हिशेबाच्या वहीवरून पेटले. एपस्टाइन गेल्यानंतर पैशाला वाली नव्हता. १९६९ मध्ये जॉनने न्यूयॉर्कचे ॲलन क्लाइन यांना आणले. जॉर्ज आणि रिंगो त्यांच्या बाजूला गेले. पॉलने मार्चमध्ये लिंडा ईस्टमन हिच्याशी लग्न केले होते. त्याचे म्हणणे, कारभार माझे वकील सासरे आणि मेहुणे पाहतील. आता सांगा, दोन थोरल्यांपैकी एकाच्या सासऱ्याच्या हाती तिजोरीची किल्ली द्यायला आपल्याकडचे तरी कुठले घर तयार होईल? तिघे विरुद्ध एक. सप्टेंबरात जॉनने आपण निघाल्याचे आतल्या आत सांगितले, १० एप्रिल १९७० ला पॉलची बातमी जाहीर झाली, आणि त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी पॉलने तिघा मित्रांविरुद्ध लंडनच्या हायकोर्टात दावा लावला. क्लाइनपासून सुटायला भागीदारी मोडण्यावाचून त्याला दुसरी वाट नव्हती. गंमत अशी, की १९७३ मध्ये त्या तिघांनीही क्लाइनला दूर केले आणि तेही कोर्टात गेले. भागीदारी मोडल्याच्या कागदावर जॉनची सही झाली ती डिसेंबर १९७४ मध्ये, फ्लोरिडातल्या डिस्नेच्या करमणूकनगरीतल्या एका हॉटेलात.

मधल्या काळात त्यांनी एकमेकांना गाण्यांतून चिमटे काढले. पॉलने १९७१ मध्ये एका गाण्यात टोमणा मारला. जॉनने त्याच वर्षी ‘हाउ डू यू स्लीप?’ या गाण्यात त्याचे पुरते वाभाडे काढले, आणि त्या गाण्यात गिटार कुणाची, तर जॉर्जची. नावांच्या क्रमावरून तर २००२ पर्यंत वाद चालला होता. पॉलने आपल्या मैफलींच्या तबकडीवर १९ गाण्यांखाली आपले नाव आधी आणि जॉनचे नंतर छापले, आणि तेव्हा बावीस वर्षांपूर्वी गेलेल्या जॉनच्या वतीने योकोने हरकत घेतली. लग्नपत्रिकेत कोणत्या काकांचे नाव वर, यावरून अबोले धरणाऱ्या आणि पाटीवर कोणत्या भाषेची ओळ वर, यावरून आयुष्ये वेचणाऱ्या आपल्या जिल्ह्याला यात हसण्यासारखे काही नाही.

जानेवारी १९६९ कडे परत वळायचे तर, जॉर्ज परत आला तो दोन अटी घालून. लिबिया, जहाज वगैरे बंद. आणि ट्विकनहॅम सोडून सॅव्हिल रो येथील आपल्याच कंपनीच्या तळघरात काम. २२ जानेवारीला तिथे बिली प्रेस्टन हा अमेरिकन पियानोवादक सहज भेटायला म्हणून आला. हॅम्बुर्गच्या दिवसांपासूनची ओळख. त्याला बसवले विजेच्या पियानोवर, आणि पाहता पाहता खोलीतली हवा पालटली. सगळे कसे शहाण्यासारखे वागू लागले! जॉर्जला ही युक्ती माहीत असावी. आदल्या सप्टेंबरात त्याच्या एका गाण्याकडे कुणी लक्ष देईना, तेव्हा तो क्लॅप्टनला घेऊन आला होता आणि तेव्हाही सगळे सावरून बसले होते. घरात पाहुणा आला की आवाज खाली येतात, चांगल्या बश्या निघतात. ३० जानेवारीला इमारतीच्या गच्चीवर, बोचऱ्या थंडीत, प्रेस्टनसह त्यांनी सुमारे ४२ मिनिटे वाजवले. खाली रस्त्यावर गर्दी, तक्रारी, पोलिस. चौघांच्या चेहऱ्यांवर शाळा बुडवलेल्या पोरांचा आनंद. लोकांसमोर ते एकत्र वाजवण्याची ही शेवटचीच वेळ. त्या दिवशी गच्चीवर वाजलेल्या गाण्यांत जॉर्जचे एकही नव्हते.

आदल्याच दिवशी, २९ तारखेला, तो जॉनला सांगतो, की माझ्याजवळ इतकी गाणी साठली आहेत, की माझ्या वाट्याच्या हिशेबाने ती पुढची दहा वर्षे पुरतील. ती एकदा आपली आपण करून टाकावीत असे वाटते. जॉन चांगले म्हणतो. सप्टेंबर १९६९ च्या ‘ॲबे रोड’वर जॉर्जची दोन गाणी आली, ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’. दुसरे तर त्याने कंपनीच्या बैठकीला दांडी मारून क्लॅप्टनच्या बागेत उन्हात बसून रचलेले. आणि भागीदारी कोर्टात जाण्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर १९७० मध्ये, त्याची एकट्याची तीन तबकड्यांची चळत बाजारात आली. नाव ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’. इंग्लंड-अमेरिकेत ती पहिल्या क्रमांकावर गेली. पुढच्या १ ऑगस्टला रविशंकरांच्या शब्दाखातर त्याने न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी दोन मैफली केल्या. रिंगो आला. जॉन आणि पॉल आले नाहीत.

तिसऱ्या रात्री चित्रपट संपल्यावर मुलीने विचारले, “बाबा, तुम्हाला सगळ्यांत कुठलं आवडलं?” तिला वाटले मी गच्ची म्हणेन. मला आवडली ती २६ जानेवारीची सकाळ. रिंगो पियानोपाशी बसला आहे. सार्डिनियाच्या रुसव्यात त्याला सुचलेले, समुद्राच्या तळाशी असलेल्या ऑक्टोपसच्या बागेचे गाणे तो जॉर्जला ऐकवतो. गाणे अर्धेच आहे. दोन ओळींनंतर त्याला पुढे जाता येत नाही. जॉर्ज त्याच्याजवळ येतो, गिटार घेतो, नीट ऐकतो आणि इथून असा वळ, मग असा परत ये, असे त्याला दाखवू लागतो. रिंगोची बोटे चाचपडतात, सापडतात. थोड्या वेळाने बाकीचे येतात, जॉन ड्रमवर बसतो. ‘ॲबे रोड’वर ते गाणे आहे, आणि त्याच्याखाली नाव एकट्या रिंगोचे आहे, पाळण्यातले : रिचर्ड स्टार्की.